साब ९०००

साब ९००० : स्वीडनमधील साब या उद्योगसंस्थेने १९८४ ते १९९८ या काळात उत्पादित केलेली, यूरोपात अधिकारीवर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीतील मोटारगाडी. मध्यम आकाराची कौटुंबिक गाडी व मोठी ऐषआरामी गाडी यांच्या दरम्यानची ही श्रेणी असून तीतील गाड्या मुख्यत्वे व्यावसायिक, उद्योगसंस्थांचे वरिष्ठ अधिकारी इत्यादींकडून वापरल्या जातात. या श्रेणीत उतरण्याचा साबचा हा पहिला प्रयत्न होता. टर्बोचार्जरयुक्त एंजिन, प्रशस्त अंतर्भाग व अपघातापासून संरक्षण देणारी बांधणी या गुणांमुळे ही गाडी नावाजली गेली. तथापि तिचे ऐतिहासिक महत्त्व एवढ्यापुरतेच मर्यादित नाही. वाढत्या संशोधनखर्चाच्या काळात एका लहान देशातील लहान मोटार कंपनीला आपले स्वतंत्र अस्तित्व टिकविता येईल काय, या प्रश्नाची कसोटी या गाडीच्या इतिहासात पाहावयास मिळते.

पार्श्वभूमी : साब हे नाव ‘स्वेन्स्का एरोप्लान आक्तीबोलागेट’ (स्वीडिश विमान कंपनी) या नावातील आद्याक्षरांवरून पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, १९३७ मध्ये, स्वीडनच्या वायुदलाला स्वदेशी विमाने पुरविण्याच्या उद्देशाने ही कंपनी स्थापन झाली. युद्ध संपल्यावर लष्करी विमानांची मागणी घटणार हे उघड होते; म्हणून कंपनीने मोटारनिर्मितीकडे लक्ष वळविले. गुन्नार ल्युंगस्ट्रॉम हे अभियंते व सिक्स्टन सासॉन हे आकारकल्पक यांच्या प्रयत्नांतून तयार झालेला नमुना जून १९४७ मध्ये जनतेपुढे मांडण्यात आला व डिसेंबर १९४९ मध्ये ‘साब ९२’ या गाडीचे उत्पादन सुरू झाले. तीत ७६४ घ. सेंमी. क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे, दोन धावांचे व २५ अश्वशक्तीचे एंजिन असून ते पुढील चाकांना चालना देत असे. विमानाच्या पंखाच्या छेदाची आठवण करून देणारा तिचा प्रवाहरेखित आकार हे तिचे वैशिष्ट्य होते.

यानंतर साब ९३ (१९५५) व साब ९६ (१९६०) या गाड्या आल्या. एरिक कार्ल्सन यांनी साब ९६ चालवून १९६०, १९६१ व १९६२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटनमधील आर. ए. सी. रॅली आणि १९६२ व १९६३ मध्ये माँटी कार्लो रॅली जिंकली. त्यामुळे कंपनीचे नाव यूरोपभर झाले. १९६७ च्या अखेरीस मांडण्यात आलेली साब ९९ ही आकाराने मोठी व पूर्णपणे नव्या धर्तीची गाडी होती. १९६९ मध्ये साब व स्कॅनिया-व्हाबिस या मालमोटारी बनविणाऱ्या कंपनीचे एकत्रीकरण होऊन साब-स्कॅनिया ही संस्था अस्तित्वात आली.

टर्बोचार्जर : साबच्या पुढील वाटचालीत टर्बोचार्जर या साधनाला मध्यवर्ती स्थान आहे. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. एरवी ती वाया जाते. टर्बोचार्जरमध्ये या वायूंच्या झोताने एक लहान टरबाइन फिरते व त्याच दंडावर बसविलेला संपीडक एंजिनात शिरणारी हवा दाबून भरतो. सिलिंडरमध्ये हवा अधिक गेल्याने इंधनही अधिक जाळता येते व लहान एंजिनापासून मोठ्या एंजिनाइतकी शक्ती मिळते. हे तत्त्व विमाने व मालमोटारी यांत पूर्वीपासून वापरात होते. मोटारगाड्यांत मात्र त्याचा उपयोग बहुतांशी शर्यतींपुरता किंवा अतिवेगवान गाड्यांपुरता सीमित राहिला होता. मोठ्या एंजिनाची नवी मालिका विकसित करण्याइतके भांडवल साबजवळ नव्हते. तेव्हा हाती असलेल्या चार सिलिंडरांच्या एंजिनाला टर्बोचार्जर जोडून, आणि त्याचा दाब अति वेगाऐवजी नेहमीच्या वाहतुकीतील वेगांना उपयोगी पडेल अशा रीतीने ठरवून, पेर गिलब्रांड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये साब ९९ टर्बो ही गाडी सिद्ध केली.

टर्बोचार्जरमुळे दाब वाढला म्हणजे एंजिनात एक दोष संभवतो. इंधन व हवा यांच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीने पेटलेली ज्योत तेथे पोहोचण्यापूर्वीच स्फोटासारखा जळतो. एंजिनातून ठोक्यांसारखा आवाज येऊ लागतो व दट्ट्यांना इजा पोहोचते. यावर उपाय म्हणून साबने १९८० नंतर एक स्वयंचलित नियंत्रण पद्धती प्रचारात आणली. एंजिनावर बसविलेला संवेदक ठोक्यांचा कंप टिपतो आणि इलेक्ट्रॉनीय यंत्रणा टर्बोचार्जरचा दाब तेवढ्यापुरता कमी करते. यामुळे निरनिराळ्या प्रतींचे पेट्रोल वापरणे शक्य झाले व इंधनाचा खर्चही कमी झाला. प्रत्येक सिलिंडरला चार याप्रमाणे सोळा झडपांचे एंजिन ही याच्या पुढची पायरी होती. हे एंजिन साब ९०० व साब ९००० या दोहोंत वापरले गेले.

संयुक्त प्रकल्प : १९७३ च्या खनिज तेल संकटानंतर मोटार उद्योगातील स्पर्धा तीव्र झाली. सुरक्षितता व प्रदूषण यांविषयीचे कायदे कडक होत गेले आणि नवी गाडी विकसित करण्याचा खर्च लहान कंपन्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला. मे १९७७ मध्ये साब-स्कॅनिया व व्होल्व्हो या दोन स्वीडिश संस्थांच्या एकत्रीकरणाची घोषणा झाली. परंतु साब-स्कॅनियामधून झालेल्या विरोधामुळे ती योजना त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोडून देण्यात आली. स्वदेशी भागीदारीचा मार्ग बंद झाल्यावर साबने इटलीकडे दृष्टी वळविली. १९७८ मध्ये फिआट समूहातील लान्चा या कंपनीशी तिचा करार झाला. या सहकार्याचे पहिले फळ म्हणजे लान्चा डेल्टा ही गाडी १९८० पासून स्वीडनमध्ये साब-लान्चा ६०० या नावाने विकली जाऊ लागली. याहून महत्त्वाचा भाग म्हणजे एका मोठ्या गाडीची समाईक तळचौकट तयार करण्याचा प्रकल्प होय. यास ‘टिपो क्वात्रो’ (चौथा प्रकार) असे नाव होते. त्या वेळी इटालियन सरकारच्या मालकीची असलेली आल्फा रोमेओ ही कंपनीही नंतर त्यात सामील झाली. ही कंपनी १९८६ मध्ये फिआटने विकत घेतली.

या प्रकल्पातून चार गाड्या निर्माण झाल्या : साब ९००० (१९८४), लान्चा थेमा (१९८४), फिआट क्रोमा (१९८५) व आल्फा रोमेओ १६४ (१९८७). पहिल्या तीन गाड्यांच्या आकारकल्पनेत जोर्जेत्तो जुजारो यांचा प्रमुख वाटा होता. साबच्या बाजूने ब्यॉर्न एन्व्हाल यांनी त्यात काम केले. आल्फा रोमेओचा आकार मात्र पिनिनफारीना या संस्थेने स्वतंत्रपणे तयार केला. एकाच पायावर किती भिन्न गाड्या उभ्या राहू शकतात याचे उदाहरण म्हणून लान्चा थेमाच्या १९८६ मधील एका प्रकाराचा निर्देश करता येईल; त्यात फेरारी कंपनीच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाचा उपयोग केलेला होता.

समाईक प्रकल्पापासून अपेक्षित असलेली काटकसर साबच्या बाबतीत पूर्णपणे साधली नाही. स्वीडनमधील अभियंत्यांना मूळ रचना आपल्या कसोट्यांना पुरेशी उतरणारी वाटली नाही. स्वीडनच्या अरण्यातील रस्त्यांवर एल्क या मोठ्या हरणाशी होणारी टक्कर हा नित्याचा धोका आहे. उंच पायांच्या या प्राण्याचे धड थेट समोरच्या काचेवर येऊन आदळते. म्हणून काचेच्या बाजूचे खांब व छताची कड यांच्या मजबुतीला साबमध्ये विशेष महत्त्व दिले जाई. साब ९००० चा पुढील भाग समोरासमोरच्या टकरीत ठरावीक क्रमाने चेपला जाऊन आघाताची ऊर्जा शोषून घेईल अशा रीतीने नव्याने रचण्यात आला. वरवर पाहता इतर दोन गाड्यांसारखेच दिसणारे दरवाजे आतून आडव्या पोलादी तुळया घालून बळकट करण्यात आले. इटालियन गाड्यांच्या मागील चाकांना स्वतंत्र निलंबन होते. साबने त्याऐवजी आपल्या परंपरेप्रमाणे सरळ, हलका आस व वेटोळ्या स्प्रिंगा यांची योजना केली. एंजिन तर पूर्णपणे साबचेच होते. परिणामी समाईक भागांची संख्या मूळ योजनेपेक्षा बरीच घटली. वेगळेपणा राखला गेला. पण त्याची किंमतही मोजावी लागली.

रचना : साब ९००० ही गाडी मे १९८४ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम सादर करण्यात आली व लवकरच तिची विक्री सुरू झाली. आरंभीचा प्रकार पाच दरवाजांचा असून त्याचा मागील दरवाजा काचेसह वर उचलला जाई. गाडीची लांबी सु. ४·६२ मी., रुंदी १·७६ मी. आणि पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर २·६७ मी. होते. एंजिन आडवे बसविल्यामुळे पुढील भागात जागेची बचत झाली व प्रवाशांसाठी प्रशस्त जागा मिळाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, आतील घनफळावर आधारलेल्या, वर्गीकरणात ही गाडी ‘मोठी गाडी’ या वर्गात मोडली. बाह्य आकाराने तिच्याहून मोठ्या असलेल्या कित्येक गाड्यांना हा वर्ग लाभला नव्हता. मागील आसन दुमडल्यास सामानासाठी सु. १,६०० लिटर जागा उपलब्ध होई. अधिकारीवर्गीय श्रेणीतील इतर गाड्या बहुधा स्वतंत्र सामानकक्षाच्या असत व त्यांच्या मागील चाकांना चालना दिलेली असे; त्यांच्या तुलनेत साब ९००० ही गाडी या दोन्ही बाबतींत निराळी होती.

जुन्या साब गाड्यांच्या काही खुणा मात्र या गाडीत उरल्या नाहीत. साब ९९ व ९०० यांत एंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसविलेले असे; समोरची काच अधिक वक्र असे; आणि गाडी सुरू करण्याची किल्ली पुढील दोन आसनांच्या मध्ये लावण्याची सोय असे. साब ९००० मध्ये या तिन्ही गोष्टी वगळल्या गेल्यामुळे कंपनीच्या जुन्या चाहत्यांपैकी काहींना ही गाडी परकी वाटली. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी पूर्वी साबचा विचारही केला नसता असा एक नवा ग्राहकवर्ग तिच्याकडे आकृष्ट झाला.

आरंभीच्या एंजिनाची क्षमता १,९८५ घ. सेंमी. होती. चार सिलिंडर, सोळा झडपा, टर्बोचार्जर व दाबलेली हवा थंड करणारा शीतक यांच्या योगाने त्यापासून १७५ अश्वशक्ती मिळे. त्या काळी एवढी शक्ती मिळविण्यासाठी इतर कंपन्या सर्वसाधारणपणे सहा सिलिंडरांची एंजिने वापरीत. पुढे टर्बोचार्जर नसलेला, सु. १३० अश्वशक्तीचा प्रकारही विक्रीस आला.

टिकाऊपणाची कसोटी : टर्बोचार्जर बसविलेली एंजिने लवकर झिजतात असा त्या वेळी सार्वत्रिक समज होता. तो दूर करण्यासाठी कंपनीने ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील ॲलाबॅमा राज्यात टॅलडेगा येथील शर्यतमार्गावर एक चाचणी घेतली. नित्याच्या उत्पादनातील तीन साब ९००० टर्बो गाड्या रात्रंदिवस चालविण्यात आल्या. इंधन भरणे, चालक बदलणे व नेहमीची देखभाल यांसाठी लागलेला वेळ धरूनही सर्वांत वेगवान गाडीने १,००,००० किमी. अंतर सु. २० दिवसांत, ताशी सरासरी २१३ किमी. वेगाने पार केले. या धावेत दोन जागतिक व २१ आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदले गेले. एखादा सामान्य मोटारमालक इतके अंतर पाच-सहा वर्षांत कापतो, हे लक्षात घेता या चाचणीचे महत्त्व ध्यानात येते.

पुढील सुधारणा : १९८८ मध्ये स्वतंत्र सामानकक्ष असलेला चार दरवाजांचा ‘सीडी’ हा प्रकार निघाला. पारंपरिक अभिरुचीच्या ग्राहकांना, विशेषतः सरकारी व व्यापारी वापरासाठी, तो अधिक योग्य वाटला. याच सुमारास ठिणगी पाडण्याच्या यंत्रणेत सुधारणा झाली. पूर्वी एकाच वेटोळ्यात निर्माण झालेला उच्च विद्युत्‌ दाब वितरकामार्फत व लांब तारांमधून स्पार्क प्लगांपर्यंत नेला जाई. नव्या पद्धतीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र वेटोळे बसविल्यामुळे वितरक व तारा अनावश्यक ठरल्या आणि थंड वा दमट हवेत एंजिन सुरू होण्यातील अडचणी कमी झाल्या. १९९० च्या सुमारास २,२९० घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन आले. त्यात कंप कमी करण्यासाठी दोन संतुलक दंडांची योजना होती. टर्बोचार्जरसह या एंजिनाची शक्ती २०० अश्वशक्ती होती. १९९१ च्या अखेरीस ‘सीएस’ हा पुढील व मागील भाग बदललेला प्रकार प्रचारात आला.

तांत्रिक दृष्ट्या सर्वांत लक्षणीय सुधारणा म्हणजे १९९३ च्या सुमारास वापरात आलेली ‘ट्रायॉनिक’ ही नियंत्रण पद्धती होय. इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ व टर्बोचार्जरचा दाब या तिन्ही गोष्टी तीत एकाच संगणकाकडे सोपविलेल्या असत. नावाचे मूळही यातच आहे. ज्वलन होताना सिलिंडरमधील वायूचे आयनीभवन होते व तो काही अंशी विद्युत्‌ संवाहक बनतो. ठिणगी पडून गेल्यावर त्याच स्पार्क प्लगच्या टोकांमधून अल्पसा प्रवाह पाठवून मोजला असता ज्वलन कसे झाले, ठोके बसले काय, याचा बोध होतो. म्हणजे स्पार्क प्लग हाच संवेदकाचे काम करतो व ठोक्यांसाठी वेगळा संवेदक लागत नाही. ही पद्धती सर्वस्वी साबमध्येच विकसित झाली होती. तिच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘एरो’ या प्रकाराची शक्ती २२५ अश्वशक्ती व कमाल वेग ताशी सु. २४० किमी. होता. याउलट, कमी दाबाचा टर्बोचार्जर वापरून इंधनबचतीवर भर देणारा सु. १७० अश्वशक्तीचा प्रकारही काढण्यात आला.

प्रत्यक्ष रस्त्यांवरील अपघातांची नोंद ठेवून त्यांवरून गाड्यांची सुरक्षितता ठरविणाऱ्या फोल्कसाम या स्वीडिश विमासंस्थेच्या पाहणीत साब ९००० ला सतत वरचे स्थान मिळाले. ‘प्रोमीथिअस’ या यूरोपीय संशोधन प्रकल्पात १९९२ मध्ये एका साब ९००० मधील सुकाणू चाक काढून टाकून त्याऐवजी विमानातल्याप्रमाणे एक लहान दांडा बसविण्यात आला होता. विमाननिर्मितीशी असलेल्या कंपनीच्या मूळ नात्याला हा प्रयोग साजेसा असला, तरी तो प्रत्यक्ष उत्पादनात उतरला नाही.

मालकीतील बदल : अमेरिका ही साबची अत्यंत महत्त्वाची बाजारपेठ होती. १९८५ नंतर डॉलरचे मूल्य घसरले. ऑक्टोबर १९८७ मध्ये तेथील शेअरबाजार कोसळला व महागड्या आयात गाड्यांचा खप रोडावला. स्वीडनमधील उत्पादनखर्च मात्र वाढतच होता. कंपनीने माल्मो येथील बंद पडलेल्या जहाजबांधणी कारखान्याच्या जागी उभारलेला नवा मोटार कारखाना १९८९ मध्ये सुरू झाला. पण तोट्यामुळे तो १९९१ मध्येच बंद करावा लागला. भागीदाराचा शोध घेताना फोर्ड व फिआट यांच्याशी बोलणी झाली. ती फिसकटल्यावर डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने ६० कोटी डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेण्याचे मान्य केले. १९९० मध्ये मोटार विभाग साब-स्कॅनियापासून अलग करून ‘साब ऑटोमोबिल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. उरलेला हिस्साही २००० मध्ये जनरल मोटर्सकडे गेला.

या बदलाचा ठसा साब ९००० वरही उमटला. १९९५ च्या श्रेणीत जनरल मोटर्सच्या इंग्लंडमधील कारखान्यात तयार झालेले, सहा सिलिंडरांचे, सु. ३ लिटर क्षमतेचे व २१० अश्वशक्तीचे एंजिन या गाडीत बसविण्यात आले. मोठे एंजिन टाळण्यासाठीच ज्या कंपनीने टर्बोचार्जरचा मार्ग चोखाळला होता, तिच्या गाडीत असे एंजिन येणे हा काळाचा बदल दर्शवितो. या एंजिनाचा वापर अल्पकाळच टिकला. साबच्या स्वतःच्या चार सिलिंडरांच्या टर्बो एंजिनांनाच ग्राहकांची पसंती राहिली.

उत्पादनाची अखेर व उत्तराधिकारी : लान्चा थेमाचे उत्पादन १९९४ मध्ये व फिआट क्रोमाचे १९९६ मध्ये संपले. साब ९००० चे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. तोपर्यंत ५ लाखांहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तुलनेने स्वस्त असलेल्या साब ९०० च्या पहिल्या पिढीच्या गाड्यांची संख्या ९ लाखांवर होती, हे पाहता वरच्या श्रेणीतील गाडीच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

साब ९००० ची जागा १९९७ मध्ये आलेल्या साब ९-५ या गाडीने घेतली. तिची तळचौकट जनरल मोटर्सच्या ओपेल व्हेक्ट्रा या गाडीच्या चौकटीत फेरफार करून बनविलेली होती. मागून टक्कर बसताच पुढे सरकून प्रवाशाच्या मानेला आधार देणारी शिरोधाने ही तिची उल्लेखनीय देणगी होय. पण नव्या आवृत्तीसाठी पुरेसे भांडवल न मिळाल्याने हीच गाडी किरकोळ बदलांनिशी तेरा वर्षे चालवावी लागली व या अवधीत प्रतिस्पर्धी कंपन्या पुढे निघून गेल्या. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर जनरल मोटर्सने साबची विक्री करण्याचे ठरविले आणि २०१० च्या आरंभी ती स्पायकर या लहान डच कंपनीकडे गेली. त्याच वर्षी दुसऱ्या पिढीची साब ९-५ बाजारात आली. परंतु भांडवलाच्या टंचाईमुळे ट्रॉलहेटान येथील उत्पादन २०११ मध्ये ठप्प झाले व १९ डिसेंबर २०११ रोजी कंपनीचे दिवाळे निघाले.

मूल्यमापन : साब ९००० च्या यशापयशाविषयी दोन बाजूंनी विचार करावा लागतो. परक्या कंपन्यांबरोबर चौकट वाटून घेऊनही गाडीचे स्वत्व राखता येते, हे तिने दाखवून दिले. एंजिन, सुरक्षितता व अंतर्भागाची मांडणी या बाबतींत तिच्यावर साबचा ठसा निःसंशयपणे आढळतो. पण ते स्वत्व राखण्यासाठी करावे लागलेले फेरबदल इतके खर्चिक होते, की भागीदारीचा मूळ हेतूच मागे पडला. लहान एंजिन व टर्बोचार्जर यांच्या साहाय्याने शक्ती व काटकसर यांचा मेळ घालण्याचा जो मार्ग साबने अपरिहार्यतेपोटी स्वीकारला, तोच २००० नंतर प्रदूषणविषयक नियमांमुळे जगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी अंगीकारला. चार सिलिंडरांची टर्बो एंजिने अधिकारीवर्गीय गाड्यांत सर्रास दिसू लागली, तेव्हा तो मार्ग रूढ करणाऱ्या कंपनीचे दिवस मात्र भरत आले होते.